अ‍ॅम्ब्रोजच्या बोटाखालचं छिद्र

मी इंग्लंडातल्या सॉमरसेटच्या लाल मातीचा मग बोलतोय. मी खोडकर आहे, हे आधीच सांगून टाकतो. कुंभाराने माझ्या गळ्याला मुद्दाम जाळी कोरली. मला तोंडाला लावून कलतं केलं, की सफरचंदाची दारू जाळीतून सांडते. माझा कान आतून पोकळ आहे आणि काठावर बारीक चोच आहे. चोचीतून दारू ओढायची, पण कानाखाली लपलेलं छिद्र बोटाने दाबून. नाहीतर तोंडात नुसता वारा येतो, आणि वैतागून मला कलतं केलं, की सदरा भिजलाच.

थॉमसिनबाईंच्या गुत्त्यात नवखा आला, की मला भरून त्याच्यापुढे ठेवत. तो भिजला, सगळे हसले, की म्हातारा अ‍ॅम्ब्रोज उठायचा आणि एकही थेंब न सांडता मला रिकामं करायचा. छपरं शाकारण्याचं काम सुटल्यापासून गावात त्याला एवढाच मान उरला होता.

पुढे त्याची बोटं सुजली, बधिर झाली. दुपारी गुत्त्यात कुणी नसताना तो मला घेऊन बसे. त्याचं बोट छिद्राच्या अगदी शेजारी चाचपडत राही. मला सांगता येत नसे. थॉमसिनबाईंनी ते पाहिलं आणि गुपचूप छिद्रात मेण भरलं.

शनिवारी अ‍ॅम्ब्रोजने मला सहज रिकामं केलं.

"बघा रे पोरांनो, हात अजून शाबूत आहे."

तो इतका खुलला, की मला पुन्हा भरून त्याने रूबेन नावाच्या नवख्या गाडीवानाला दिलं. रूबेनने चोचीतून ओढलं. त्याचं बोट छिद्राजवळही नव्हतं. तरी मी रिकामा झालो.

"एवढंच होय, म्हातारबा? हे तर माझी आजीसुद्धा पिईल."

हशा पिकला. अ‍ॅम्ब्रोजने मला खिडकीकडे नेऊन उलटं धरलं. पिवळं मेण दिसलं.

"बाई, हे तुम्ही केलंत?"

"तुमचे हाल बघवेनात, काका."

"भिजलो असतो, तर चारचौघांबरोबर मीही हसलो असतो. आता हसू कशावर?"

टोपी घालून तो गेला, तो पुन्हा आलाच नाही.

थॉमसिनबाईंनी मेण काढलं, पण मला पुन्हा कधी भरलं नाही. आता मी काचेच्या कपाटात कोरडा उभा आहे. पुष्कळांना फसवलं, त्याची मला खंत नाही. मात्र त्या शनिवारी अ‍ॅम्ब्रोजच्या अंगावर मी सांडायला हवं होतं.

कधी तुमच्या हाती आलो, तर बोट चुकलं तरी चुकू द्या. सदरा वाळतो.