दोन्ही पाय

"मावशी, हळद लावलीत ना जखमेला?"

खोलीतला दिवा बंद होता. डॉक्टर वैदेहीने गणपतच्या तळव्यावर कॅमेरा धरला होता आणि त्यातून जांभळा उजेड पडत होता. जंतू असतील तिथे पडद्यावर लाल चमकायला हवं होतं. गणपतच्या पायाचा अंगठा वाचेल की नाही, ते त्या लालवरून ठरणार होतं. पण अंगठ्याखालची सगळी जखम पिवळीधमक पेटली होती. त्याखाली लाल असलं तरी दिसणार नव्हतं.

"मी नाय लावली," गणपतची बायको कमल म्हणाली.

"कॅमेरा खोटं बोलत नाही, मावशी. घरचं काही लावू नका म्हणून बजावलं होतं."

"देवाशपथ नाय लावली! रोज तुमचंच औषध, तुमचीच पट्टी. अहो, तुमी सांगा की!"

गणपत छताकडे बघत होता. "जाऊ दे गो. डाक्टर बोलतात तर लागली असंल."

"असंल? म्हंजे मी खोटारडी?"

वैदेहीने कॅमेरा बाजूला घेतला. घेताना उजेड दुसऱ्या पायावरून सरकला. त्या पायाला जखम नव्हती, पट्टी नव्हती. तरी पडद्यावर त्याच्या बोटांच्या बेचक्या पिवळ्या होत्या, टाचेच्या भेगा पिवळ्या होत्या.

कमलने पडद्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"मसाल्याच्या डंखावर जाताय तुमी! मंडळात बसतो म्हनून सांगून मसाला कुटायला जाताय! आनि ते पन अनवाणी!"

"लग्नाचा सीझन हाय. शेटकडं मानूस नाय."

"काका, शुगरमुळे या पायांना काही रुतलं तरी तुम्हाला कळत नाही," वैदेही म्हणाली. "बूट का नाही घातले?"

"लग्नाची हळद कुटतो आमी. तिच्यात बूट घालून उभा ऱ्हाऊ?" गणपतचा आवाज पहिल्यांदाच चढला.

"मग पाय कापून उभे ऱ्हावा!"

वैदेहीने जखम धुतली, पुसली, पुन्हा धुतली; दर वेळी कॅमेरा धरून पडद्यावर पाहिलं. पिवळं उतरत गेलं तसं खालून लाल वर आलं. ते जखमेपुरतं नव्हतं. अंगठ्याला वळसा घालून नखापर्यंत पोचलं होतं.

तिने दिवा लावला. "सर्जनना दाखवू. पण अंगठा राहील असं वाटत नाही." मग ती कमलकडे वळली. "सॉरी, मावशी."

"माझं काय घेऊन बसलात," कमल म्हणाली.

बाहेर बाकावर टेकल्या टेकल्या गणपतने मोबाइल काढला. "शेटला कळवायला पायजे. गिरगावच्या लग्नाची आर्डर उद्या द्यायचीय."

कमलच्या डोक्यात तिडीक गेली. ती खाली वाकली. त्याच्या चांगल्या पायाचा अंगठा तिने चिमटीत धरला आणि नख लागणार नाही असं बघून, होता नव्हता तो सगळा जोर लावून पिरगाळला.

गणपत नंबर शोधत होता. त्याने मानही वर केली नाही.