अर्ध्यावर राहिलेला अध्याय

निरवांगीच्या संभाजीरावांना कुत्रं भुंकायच्या आधी संशय येतो, असं त्यांची बायको प्रयागबाई म्हणायची. त्या दुपारी दोन्ही झालं. दारात धाकटा भाऊ मोहनराव उभा होता. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून भांडून तो जळोचीला राहायला गेला, त्यानंतर दोन्हीकडच्या पोरांची लग्नं झाली, पण त्यानं हा उंबरा ओलांडला नव्हता.

"या मोहनराव," संभाजीराव म्हणाले. सख्ख्या भावाला 'राव' लावला की तो पाहुणा होतो, हे ठाऊक होतं म्हणूनच लावला.

मोहनराव आधी विहिरीकडं गेला आणि वाकून बघत राहिला. "दादा, पानी लई हाय की अजून."

संभाजीरावांनी मनात हिशोब मांडला. अर्धी विहीर मागायला आलाय! ती गेली तर डाळिंबाची बाग उन्हाळ्यात उभी वाळणार. शिवाय काखेतली पिशवी हा गडी खाली ठेवीना. चहा पितानाही मांडीवर. वकिलाचा कागद असणार, दुसरं काय?

"दादा, पोथी हाय का?"

आता देवाला मध्ये घालतोय, संभाजीरावांनी ताडलं.

पूर्वी दोघं भाऊ श्रावणात रामायणाची पोथी लावत. मोहन ओवी वाचायचा, संभाजी अर्थ सांगायचा, आणि अर्थ झाल्याशिवाय पुढची ओवी वाचायची नाही. भांडण पेटलं ते पोथीवर बसल्या बसल्याच. भरत रामाला भेटायला वनात निघालेला, आणि हे दोघं अध्याय अर्धा टाकून उठले. अर्धा अध्याय सोडू नये, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

"घरी दुसरी पोथी आणली," मोहनराव म्हणाला, "पर पुढं वाचवंना. अर्थ सांगाय कोन न्हाय."

प्रयागबाईनं नवऱ्याला न विचारताच पाट मांडून पोथी ठेवली. मोहनरावानं पिशवीत हात घातला तसे संभाजीराव ताठ झाले. चष्मा निघाला. नारळ निघाला. साखरेची पुडी निघाली. मग त्यानं रिकाम्या पिशवीची घडी घातली आणि तिच्यावरच बसला. कागद नाही तर नाही, तोंडी मागेल, संभाजीरावांनी मनाला बजावलं.

मोहनरावानं ओवी वाचली आणि थांबला.

"भरत फौज घिऊन येतोय," संभाजीराव कोरडेपणानं म्हणाले. "लक्षुमन झाडावर चढून बघतो. म्हनतो, ह्यो आपल्याला माराय आलाय. धनुष्य वढतो."

पुढची ओवी झाली. मोहनराव पुन्हा थांबला. संभाजीरावांना अर्थ पाठ होता, तरी त्यांनी वाकून ओवी बघितली. प्रयागबाई बघत होती.

"राम म्हनला... धनुष्य खाली ठेव, लक्षुमना. भरत काय घ्याय आलेला न्हाय. त्यो..." त्यांची नजर मोहनरावाकडं गेली. इतकी वर्षं आपण झाडावरच बसलो होतो, हे त्यांना कळलं आणि लाज वाटली, आणि लाजेपेक्षा मोठा आनंद झाला. "त्यो भावाला भेटाय आलाय."

मोहनराव पुढं वाचेना. चष्मा पुसत होता, पुन्हा पुन्हा.

संभाजीरावांनी पाट त्याच्याकडं सरकवला.

"वाच की, मोहन्या. भेट ऱ्हायलीया अजून."