सकाळचे तीन सेकंद

मी ऑइल फिल्टर बोलतोय. माझा पत्रा गोल कापून मला उघडलं, त्याला सव्वा महिना झाला. उघडेपर्यंत माझ्या आत काय चाललंय हे मला एकट्यालाच माहीत होतं, आणि मला सांगता येत नव्हतं.

बाहेरून मी देखणा होतो. कोणत्या शेडमध्ये मला जोडलं, ठाऊक नाही. कागदाच्या घड्या पाडणारे हात घाईत होते. शेवटच्या शिवणीला गोंद पुरला नाही. तरी झाकण बसलं, केशरी रंग चढला आणि ती चूक अंधारात बंद झाली.

सुभानपुऱ्यातल्या गॅरेजात मानसिंगरावांनी मला खोक्यातून काढलं. माझ्या रबरी कड्यावर बोटाने तेल फिरवलं, हाताने घट्ट आवळलं आणि म्हणाले, "जा ताई, आता सहा महिने बघायला नको."

ताई म्हणजे रसिका. जवळच्याच अकोट्यात राहायची, कॉलेजात शिकवायची. शेजारच्या सीटवर तिचे वडील, विश्वंभर. रिफायनरीतून निवृत्त झालेले, कानांनी जवळजवळ बहिरे झालेले.

इंजिनाचं तेल माझ्या घड्यांतून जायचं, कचरा माझ्यापाशी राहायचा. गाडी थांबली की माझ्या तोंडाशी असलेली रबरी चकती मिटायची आणि तेल धरून ठेवायची, म्हणजे सकाळी इंजिनाला लगेच तेल मिळावं. महिनाभरात ती चकती वाळून कडक झाली. गाडी उभी असली की तेल थेंबाथेंबाने माझ्यातून निसटायचं. मला ते कळायचं, धरता यायचं नाही.

सकाळी रसिका किल्ली फिरवायची तेव्हा मी रिकामा असायचो. तेल वर येईपर्यंत धातू धातूवर कोरडा घासायचा. तीन सेकंद. तुम्ही त्याला खडखड म्हणाल. मी आत होतो, मला ती किंकाळी वाटायची. मग तेल यायचं आणि सगळं एकदम गप्प व्हायचं. त्या गप्प होण्याचीच मला जास्त भीती वाटायची.

पुढे शिवण सुटली. घाण तेल फटीतून सरळ इंजिनात जाऊ लागलं. थोड्याच दिवसांत माझ्या घड्यांत काहीतरी चमकदार येऊन बसू लागलं. धूळ नव्हती ती. इंजिन स्वतःच झिजून, कणाकणाने माझ्यात येत होतं.

एका सकाळी विश्वंभर म्हणाले, "रसिका, ही गाडी रडते गं."

"बाबा, ऐकायचं मशीन तर कानात नाहीये तुमच्या! कसं ऐकलंत?"

तिच्या ओठांवरून ओळखून ते म्हणाले, "ऐकलं कुठे? तळपायाला जाणवलं. पंपांजवळ तीस वर्षं उभा होतो मी. उद्या नाशिकला निघायच्या आधी मानसिंगरावांना दाखव."

रसिका वैतागली, पण आली. "काका, गाडी मस्त चालतेय. बाबांच्या समाधानासाठी बघा. तेलही बदलूनच टाका."

मानसिंगरावांनी मला उतरवलं. भंगाराच्या पिंपाकडे नेलं आणि तिथे थबकले. मला कानाशी धरून हलवलं. मग वाइसच्या लोखंडी जबड्यात आवळलं. करवत घेतली नाही, तिचा भुगा आत पडला असता. कटरची चकती हळूहळू फिरवत त्यांनी माझं झाकण वेगळं केलं.

इतक्या महिन्यांनी माझ्यावर उजेड पडला.

आधी त्यांनी रबरी चकती वाकवून पाहिली. ती कट्‌कन मोडली. मग सुटलेल्या शिवणीतून बोट आरपार गेलं. कागद पिळून, उलगडून त्यांनी उन्हात धरला. काळ्या कागदावर सोनेरी चकाकी पसरली होती. रसिका पुढे झुकली. "अय्या, किती सुंदर दिसतंय!"

मानसिंगरावांनी कागदाखालून चुंबक फिरवलं. चकाकी हलली नाही.

"लोखंड असतं तर सरकलं असतं. हा इंजिनातल्या बेअरिंगचा चुरा आहे, ताई. गाडी इथेच ठेवा."

"अहो काका, उद्या निघायचंय! भावाची वास्तुशांत आहे."

"रेल्वेने जा. सापुताऱ्याच्या घाटात ही जाम झाली तर मागच्या गाडीला कळायच्या आत ती येऊन आदळेल."

रसिकाने वडिलांकडे पाहिलं. त्यांना बोलणं ऐकू आलं नव्हतं, पण त्यांनी तो कागद पाहिला होता. ते शांतपणे गाडीतून पिशव्या काढू लागले.

तीन दिवसांनी इंजिन उघडलं. बेअरिंगांचा वरचा थर गेला होता, खालचं तांबं उघडं पडलं होतं. मानसिंगराव स्टुलावर बसले. मग पत्नीला, वसुंधराबाईंना म्हणाले, "नीट न बघता मीच बसवला हा. आणि त्या खोक्यात बारा होते."

माझ्यासकट सात त्यांनी स्वतः बसवले होते. त्या मालकांना फोन करून एकेकाला बोलावलं, रसिकाचं इंजिन पदरमोड करून नीट केलं. पण पाच फिल्टर सुटे विकले गेले होते. कोणाला, ते आठवत नव्हतं.

तेव्हापासून ते रोज उजाडताच निघतात. मी कापडी पिशवीत असतो, दाखवायला. सुभानपुरा, गोत्री, अकोटा. सोसायट्यांच्या फाटकांशी उभे राहून गाड्या सुरू होताना ऐकतात. वॉचमन त्यांना वेडा समजतात. एकाने काच खाली करून काय झालं म्हणून गुजरातीत विचारलं, "शुं थयुं, काका?" मानसिंगरावांनी मला पुढे केलं, उघडा, चमकता. त्या माणसाने गाडी बंद केली.

असे चार सापडले.

पाचवा मला काल गोत्रीत ऐकू आला. नेमकी तेव्हाच कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली. मानसिंगरावांनी मान वळवली, आणि तो पाचवा बसवलेली गाडी आम्हाला ओलांडून गेली. मागच्या सीटवर दप्तर घेतलेली दोन मुलं होती. मी पिशवीत होतो. मी ओरडलो, पण माझं ओरडणं ऐकतं कोण?

म्हणून तुम्हाला सांगतोय. उद्या गाडी सुरू कराल तेव्हा गाणी लावू नका, फोन घेऊ नका, मुलांनाही क्षणभर गप्प करा. पाय जमिनीला टेकवून बसा. तळव्यांना काही जाणवलं, तर तो माझा भाऊ आहे. तो तुमची गाडी खातोय, आणि त्याला थांबता येत नाहीये.