काळ्या सूटमधला मी

आमच्या चिखला गावात पाणी लागतं ते खाणीत, आणि लागलं की पंपाने उपसून बाहेर काढतात. पाण्यात मुद्दाम खोल उतरायचं, वर त्याचे पैसे द्यायचे, हा प्रकार आमच्या कॉलनीत कुणाला पटण्यासारखा नव्हता. माझे वडील केशवराव मँगनीजच्या खाणीत जमिनीखाली काम करून निवृत्त झालेले. मी, अश्विन रामटेके, थायलंडमधून स्कूबा डायव्हिंगच्या इन्स्ट्रक्टरचं सर्टिफिकेट घेतलं आणि अंदमानात काही वर्षं पर्यटकांना समुद्राखाली नेऊन मासे दाखवले. आई ओळखीच्यांना सांगायची, "अश्विन समुद्रात साहेब हाय." मी ते कधी दुरुस्त केलं नाही.

मग भूमध्य समुद्रातल्या एका बेटावरून नोकरी चालून आली. ईमेल वाचताच मी अंदमानचं काम सोडलं, गावी आलो आणि पेढे वाटले. पेढे वाटून झाल्यावर ईमेलचा दुसरा परिच्छेद वाचला. त्यात लिहिलं होतं की बाहेरच्या देशातलं इन्स्ट्रक्टरचं सर्टिफिकेट आमच्याकडे जसंच्या तसं चालत नाही, आमच्या क्रीडा कार्यालयाने आधी त्याला मान्यता द्यायला हवी. तोवर त्यांच्या लेखी मी पोहता येणारा एक इसम होतो.

मान्यतेसाठी पहिल्यांदा डॉक्टरचा दाखला हवा होता. साकोलीला बाबांच्या ओळखीचे नाक-कान-घशाचे डॉक्टर होते. त्यांनी कागद दोनदा वाचला.

"समुद्राखाली जायले हरकत नाही, असं मी लिहून देऊ?"

"हो, सर."

"मी समुद्र एकदाच पाहिला. गोव्याले. तोही हॉटेलच्या खिडकीतून."

तरी त्यांनी कान तपासले. तपासता तपासता हळूच म्हणाले, "इन्स्ट्रक्टर साहेब, मळ लय आहे." पाण्याच्या दाबाचा कानावर काय परिणाम होतो यावर मी अंदमानात रोज भाषण देत असे. साकोलीला मी मान तिरपी करून चुपचाप बसलो.

पोलिसांच्या दाखल्यासाठी घरी आलेल्या हवालदाराने विचारलं, "पाण्याखाली तुम्ही लोकाईले शिकवता काय?"

"श्वास घ्यायला."

"ते तर त्याईले येतच असन ना," तो म्हणाला आणि सही करून निघून गेला.

सगळं पाठवलं. उत्तर आलं की माझ्या बचावाच्या सर्टिफिकेटची मुदत संपली आहे. ते नव्याने घ्यावं लागेल, पण तोपर्यंत अर्ज थांबू नये म्हणून मी एक व्हिडिओ पाठवावा. बुडणाऱ्या माणसाला गाठून काठापर्यंत ओढत आणायचं, मध्ये कुठेही न थांबता. त्यानंतर मुलाखत.

समुद्र नव्हता, पण आंधळगावला मामाच्या शेताला लागून तलाव होता. मामाचा मुलगा भोजराज धानाची शेती करतो. लहानपणी तो जेवढा वेळ घरात असे त्याहून जास्त तलावात असे. मी त्याला बुडणाऱ्याचं काम दिलं.

"भाऊ, मले बुडता येत नाई," तो म्हणाला. "बुडून राहिलो असं वाटलं का आपोआपच पोहतो मी."

"अ‍ॅक्टिंग कर. हात मार, ओरड."

"काय ओरडू?"

"वाचवा म्हण."

त्याला हसू आलं, पण तो तयार झाला. बहीण रीना काठावरून मोबाईलवर शूट करणार होती.

आता इथे हाफ पँट पुरेशी होती. पण मी परदेशी कार्यालयाला दिसणार होतो, म्हणून मी डायव्हिंगचा काळा रबरी सूट घातला, गळ्यापासून घोट्यापर्यंत. ऑक्टोबरचं ऊन होतं. रस्त्यापासून तलावाच्या बांधापर्यंत चालत जाता जाता मी आतल्या आत शिजलो. धान कापणाऱ्या बाया विळे हातात धरून उभ्या राहिल्या. त्यातल्या एका म्हातारीने रीनाला विचारलं, "याले का झालं वं?"

"नोकरीचं हाय, आजी," रीनाने सांगितलं.

तलावाच्या एका बाजूला शिंगाडे लावलेले होते. भोजराज म्हणाला, "भाऊ, इकडून नोको उतरू. खाली वेलाचं जाळं हाय. तिकडून ये."

पण तिकडून ऊन कॅमेऱ्यात येत होतं. "मी पाण्यातच काम करतो, भोजू," मी म्हणालो. हे वाक्य व्हिडिओत स्पष्ट ऐकू येतं.

भोजराज मध्यभागी पोहोचला आणि हात मारत ओरडू लागला. मी पायात फिन, म्हणजे माशाच्या शेपटीसारखे रबरी पंजे, घालून झेप घेतली. अर्ध्या वाटेत उजवा फिन वेलात अडकला. अशा वेळी काय करायचं हे मला तोंडपाठ आहे: थांबायचं, श्वास घ्यायचा, विचार करायचा आणि मगच हालचाल करायची. मी थांबलो नाही. श्वास घेतला तो पाण्याचा. विचाराला उसंतच मिळाली नाही. लाथा मारल्या तसा डावा फिनही अडकला. समुद्रात इतकी वर्षं काढून मी गावच्या तलावात, डोक्याच्या जरा वरपर्यंत येणाऱ्या पाण्यात, आईचं नाव घेत होतो.

भोजराजला वाटलं मी अ‍ॅक्टिंगमध्ये भर घालतोय. मग माझं तोंड पाहून त्याचं हसू गेलं. तो आला, बुडी मारून पायातले फिन सोडवले, मागून हनुवटीखाली हात घातला आणि मला ओढत काठावर आणलं. बाया विळे टाकून धावत आल्या होत्या. मी चिखलात ओकारी काढत पडलो होतो. भोजराज पाठ थोपटत म्हणत होता, "झालं भाऊ, झालं. आता काई नाई."

तासाभराने, त्याने सांगितलेल्या बाजूने उतरून, आम्ही पुन्हा शूट केलं आणि ते ठीक झालं. रीनाने रात्री दोन्ही व्हिडिओ मला पाठवले. मला त्यातलं काहीच बघवत नव्हतं, म्हणून एक निवडला आणि न बघताच अर्जाला जोडून टाकला.

मुलाखत ऑनलाइन होती. बाबा खाटेवर, आई दारात, रीना मोबाईल टेकवायला पुस्तकांची चळत लावून. पलीकडे एक मध्यमवयीन बाई होत्या, शांत, सभ्य. त्या इंग्रजीत म्हणाल्या, "व्हिडिओ पाहिला. तुमचं काम फार चांगलं आहे. पकड योग्य, घाई नाही, शेवटपर्यंत त्याच्याशी बोलत राहिलात. आणि काळ्या सूटमधल्या तुमच्या जोडीदाराने तर घाबरल्याचा अभिनय कमालीचा केलाय."

कोणता व्हिडिओ गेला ते मला तेव्हा कळलं. रीनाने तोंडावर ओढणी घेतली. लांबून घेतलेल्या त्या चित्रात चेहरे ओळखू येत नव्हते, आणि भोजराजचं आधीचं ओरडणं त्यांना मदतीसाठी मारलेली हाक वाटलं असावं. मी नुसता "थँक यू" म्हणालो असतो तर काम झालं होतं. ते शब्द जिभेवर आलेही होते. पण त्या बेटावर लोक माझा हात धरून पाण्याखाली जाणार होते, आणि त्यांना वाटणार होतं की हनुवटीखालचा तो हात माझाच आहे.

"मॅडम," मी म्हणालो, "काळ्या सूटमधला मी."

त्या चष्मा सावरून स्क्रीनजवळ आल्या. मग विचारलं, "म्हणजे तो अभिनय नव्हता?"

"नाही."

"आणि ते दुसरे गृहस्थ?"

"माझ्या मामांचा मुलगा. भाताची शेती करतो."

त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. दुसरा व्हिडिओ पाठवायला सांगितला, पण पहिलाही फाईलमध्ये राहील असं म्हणाल्या.

दिवाळीनंतर निर्णय आला. पूर्ण मान्यता नाही. एक हंगाम सहायक म्हणून काम करायचं, कुणाला शिकवायचं नाही, मग तिथेच बचावाची प्रत्यक्ष परीक्षा. मी आईला म्हणालो, जात नाही, अपमान आहे. बाबा पेपर वाचत होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "काहून?"

"इतकी वर्षं शिकवून आता मी हवेचे सिलिंडर वाहू?"

"मी पहिलं वर्ष खाणीत लाकडंच वाहिली."

"तुमची गोष्ट वेगळी होती, बाबा."

"कशी?"

मी ईमेल पुन्हा उघडून हंगामाची तारीख बघितली. ते पुन्हा पेपर वाचू लागले.

उन्हाळ्यात मी गेलो आणि सिलिंडर वाहिले. माझ्याहून लहान इन्स्ट्रक्टर मला श्वास घ्यायची नळी धुवायला सांगायचे, मी धुवायचो. सुरुवातीला मनात त्यांच्या चुका मोजायचो. पुढे नळ्या इतक्या असत की मोजायचं राहून गेलं. हंगामाच्या शेवटी परीक्षा झाली. बुडणाऱ्याचं सोंग घेतलेल्या जाडजूड परीक्षकाने माझा गळाच धरला. मला त्याचा राग आला नाही. घाबरलेल्या माणसाचे हात कुठे जातात ते मला माहीत होतं. मी त्याला सोडवून, बोलत बोलत, जेटीपर्यंत आणलं.

मान्यता मिळाल्यावर मला माझे पहिले विद्यार्थी मिळाले, एक निवृत्त पोस्टमास्तर आणि त्यांची बायको. बाई केव्हाच पाण्यात उतरल्या. ते मात्र पायरीवर बसून राहिले, म्हणाले, मला जमणार नाही. मी त्यांच्या शेजारी पाण्यात पाय सोडून बसलो आणि म्हणालो, "बसू या थोडं. मलाही घाई नाही."