पन्हळी पत्रा, अठरा फूट

मुलांनो, उजवा हात पुढे करा बरं. तळवा आकाशाकडे. बोटं घट्ट जुळवा आणि दोन्ही कडा थोड्या वर उचला, मध्ये खळगा पडेल अशा. आता समजा, मनगटाजवळ कोणी पाणी ओतलं. कुठून जाईल ते? बोटांच्या टोकावरून. शाबास! तुमच्या हाताची पन्हळ झाली. छपराच्या कडेला अशीच लांब पन्हळ लावतात, म्हणजे पाणी वाटेल तिथे न पडता आपण नेऊ तिथे जातं. हात खाली घ्या, पण विसरू नका.

आता नाशिकमधला एक अरुंद बोळ डोळ्यांसमोर आणा. साल एकोणीसशे ब्याऐंशी, मे महिना संपत आलेला. बोळाच्या एका बाजूला रंगनाथ यांचं कौलारू घर. ते अंबडच्या कारखान्यात फिटर होते. समोर नजीरभाईंचं घर. ते पत्र्याच्या बादल्या आणि डबे बनवायचे. बोळ इतका चिंचोळा, की पावसाळ्यात रंगनाथांच्या कौलांवरच्या पागोळ्या थेट नजीरभाईंच्या ओट्यावर पडायच्या.

त्या ओट्यावर नजीरभाईंच्या बायकोचं, जहिदाचाचींचं, शिलाई मशीन असायचं. जून आला की शाळेच्या गणवेशांचं काम यायचं आणि नेमकं तेव्हाच मशीन आत न्यावं लागायचं. आतल्या खोलीत उजेड नाही. मागच्या वर्षी अंधारात टीप वाकडी गेली आणि चाचींना बारा सदरे उसवून पुन्हा शिवावे लागले होते. रंगनाथांची चांगुणा आणि चाचींची शहनाज दोघी चौथीत. मशीनशेजारी बसून गजगे, म्हणजे सागरगोटे, खेळायच्या. ओटा भिजला की तो खेळही बंद.

म्हणून चांगुणाने उन्हाळाभर आबांच्या, म्हणजे रंगनाथांच्या, मागे लकडा लावला होता, “आबा, या वर्षी तरी पन्हळ लावा ना.”

कोणती लावायची, यावर बराच खल झाला. घोटीहून आलेले आबांचे मित्र कोंडाजी म्हणाले, “बांबू चिरून लाव की! आमच्याकडं समदे तेच लावत्यात. लय झकास.”

“दोन वर्षांत कुजेल तो,” चांगुणाची आई लताबाई म्हणाल्या.

“मग सिमेंटची घ्या, वहिनी.”

“तिच्या वजनानं आमची वाशांची कड खाली येईल, भावजी.”

शेवटी पत्र्याची ठरली. हलकी आणि टिकाऊ. आबांचे हात ग्रीसने माखले होते, म्हणून दुकानदारासाठी चिठ्ठी चांगुणाने लिहायची ठरली.

“लिही, पत्र्याची पन्हळ, अठरा फूट.”

चांगुणाचं अक्षर वर्गात पहिलं. तिने पेन्सिल उचलली आणि ती थबकली. दुकानाच्या पाटीवर तर ‘पन्हळी पत्रे मिळतील’ असं लिहिलेलं होतं! पाटीवरचं म्हणजे शुद्धच असणार. तिने वळणदार अक्षरात लिहिलं, ‘पन्हळी पत्रा, अठरा फूट.’ दुसऱ्या दिवशी आबांनी कामावर जाताना चिठ्ठी न वाचताच दुकानात दिली.

रविवारी फकिरा हातगाडीवाला बोळाच्या तोंडाशी येऊन ओरडला, “रंगनाथभाऊ, छप्पर कुठं टाकू?”

गाडीवर दोन मोठे नागमोडी पत्रे होते. एक आठ फुटी, एक दहा फुटी.

“छप्पर कसलं? आम्ही पन्हळ मागवलीय,” लताबाई म्हणाल्या.

“चिठ्ठीत हाय तेच आणलंय. आणि दुकानदार म्हणालाय, गेलेला माल परत घेणार नाय.” त्याने चिठ्ठी पुढे धरली. आबांनी वाचली. मग चांगुणाकडे पाहिलं. चांगुणाला वाटलं, गाडीखालीच लपावं.

पत्रा खाली उतरवताना असा काही दणाणला, की नजीरभाई बाहेर आलेच. पत्र्याचा आवाज आल्यावर ते घरात बसतील?

“काय रंगनाथभाऊ, समोर पत्रेवाला राहतो आणि माल बाजारातून?”

“तुम्ही आमच्याकडून मजुरी घेत नाही, नजीरभाई. म्हणून नाही बोललो.”

“आणि मी तुमच्या पाण्याचं कधी नाही बोललो. दोघेही शहाणे!” ते खो खो हसले. तेवढ्यात चांगुणाचे भरलेले डोळे त्यांना दिसले. “अरे, घबराने का नहीं, बेटी. इकडे ये. या खाचेवरून बोट फिरव. काय आहे ही?”

चांगुणाने बोट फिरवलं. मध्ये खोल, दोन्हीकडे चढ. “पन्हळ!”

“आणि शेजारची?”

“तीपण पन्हळच!”

“म्हणून तर याला पन्हळी पत्रा म्हणतात. तू एक मागितलीस, दुकानदाराने मोजून दहा दिल्या. नफ्यात आहेस तू!”

“मग पूर्ण पत्राच तुमच्या ओट्यावर टाकू या का?” आबांनी विचारलं.

“आणि माझा उजेड?” जहिदाचाची दारातूनच म्हणाल्या. “पाणी नको भाऊजी, उजेड हवाय मला.”

मग काय, कातर चालली, हातोडी चालली. नजीरभाईंनी दोन्ही पत्र्यांच्या लांबच लांब पट्ट्या कापल्या, त्या ठोकून सपाट केल्या आणि कडा वळवून मोठ्या पन्हळी केल्या. दोन्ही तुकडे जोडले, बरोबर अठरा फूट. उरलेला पत्रा लताबाईंनी मोरीवर घालायला बाजूला ठेवला.

पन्हळ कौलांच्या कडेखाली बसवली, एका टोकाखाली पाण्याचं पिंप ठेवलं. आबा कारखान्यातल्या सवयीने लेव्हल, म्हणजे सपाटी दाखवणारी बुडबुड्याची पट्टी, घेऊन शिडीवर चढले. “बघा, बुडबुडा अगदी मध्ये. सुतासारखी सरळ!”

चांगुणाने स्वतःचा तळहात वाटीसारखा धरून पाहिला. बोटं जरा खाली झुकवली. “आबा, सरळ ठेवलीत तर पाणी मध्येच बसून राहील. पिंपाकडे उतार द्या ना!”

“फिटरला शिकवतेय पोर!” नजीरभाईंनी तिची पाठ थोपटली. आबांनी हसत एक टोक दोन बोटं खाली घेतलं.

लताबाईंनी कळशी दिली, आबांनी कौलांवर पाणी ओतलं. पाणी कौलांवरून घरंगळत पन्हळीत आलं, सळसळत अठरा फूट धावलं आणि पिंपात धो धो पडलं. शहनाज टाळ्या पिटत नाचली. जहिदाचाचींनी ओट्यावर हात फिरवला. कोरडा! त्यांनी लगेच मशीन ओढून जागेवर आणलं.

आणि टप्! सांध्यातून एक थेंब ओट्यावर पडला. मग दुसरा.

“डाख कमी पडला तिथे. आणतो मी,” म्हणत नजीरभाई सांधा भरायचं सामान आणायला आत गेले.

चांगुणाने मात्र वाट पाहिली नाही. ती ओट्यावर मांडी घालून बसली, डावा हात पन्हळीसारखा करून थेंबाखाली धरला, बोटं बोळाकडे झुकवली आणि उजव्या हाताने पहिला गजगा उंच उडवला.