कॉफीच्या डब्यावरची चिठ्ठी

शनिवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी थोरल्या सुनेला कॉफीच्या डब्यावरची चिठ्ठी बदललेली दिसली. परदेशातल्या इस्पितळात नर्सची एकच जागा होती आणि तिथे स्पॅनिश लागणार होतं. म्हणून कोणत्या डब्यात किती जिन्नस आहे, ते ती रोज स्पॅनिशमध्ये लिहून चिकटवायची. काल काठोकाठ भरलेल्या या डब्यावर तिने ‘मूचो’, म्हणजे पुष्कळ, असं लिहिलं होतं. ते खोडून कुणीतरी ‘देमासियादो’ लिहिलं होतं. म्हणजे गरजेपेक्षा जास्त.

शब्द अचूक होता, म्हणूनच तिचं धाबं दणाणलं. घरात स्पॅनिश येणारी आपण एकटीच, अशी तिची समजूत होती.

“मला कसलं विचारतेस? तुझं साधं बोलणं कळायची मारामार,” नवरा म्हणाला. सासूबाईंना चष्म्याशिवाय डबाही ओळखू येत नव्हता. राहिली धाकटी जाऊ. तीही नर्सच, पण महिनाभर “मला नाही बाई कुठे जायचं” म्हणत होती.

थोरलीने चिठ्ठी तिच्यापुढे धरली. “अगं, हे तू लिहिलंस?”

“मी कशाला लिहू, ताई?” भांडी विसळत जाऊ म्हणाली. “पण कॉफी जास्तच झालीय खरी.”

चिठ्ठीचा अर्थ थोरलीने सांगितलाच नव्हता.

दहा वाजता तिने इस्पितळाच्या इथल्या भरती कचेरीत फोन लावला. सोमवारच्या मुलाखतीला दोघी येणार आहेत, एवढंच कारकून म्हणाला. दुसरीचं नाव सांगायला त्याने नकार दिला.