नऊ दिवसांचं दूध

मी एक गाय. शाळेतली मुलं माझ्यावर निबंध लिहितात, पण तो खरं तर माझ्यावर नसतो, माझ्या उपयोगांवर असतो. म्हणून म्हटलं, एकदा आपणच बोलावं. रवंथ करता करता सांगतेय, मध्येच थांबले तर समजून घ्या.

माझा जन्म याच गोठ्यातला. घरात दोन जावा आहेत. थोरलीला सगळे अक्का म्हणतात, धाकटीला धाकटीच. त्यांना नवरेही आहेत, पण गोठ्यात त्यांच्या मताला वासराच्या हंबरण्याइतकीच किंमत. गोठा अक्काचा. पहाटेची धार तिची, वैरण तिची, आणि दुर्दैवानं औषधपाणीही तिचंच.

अक्काच्या फडताळात एक सुई असायची आणि शेजारी अर्ध्या-अर्ध्या औषधाच्या बाटल्या. माझी कास पहिल्यांदा सुजली तेव्हा तिनं त्यातली एक बाटली काढली, "एका सुईनं काय होतंय," असं मला म्हणाली आणि टोचून मोकळी झाली. होतंय काय ते मला कळलं, पण सांगणार कसं? दुसऱ्या दिवशी सूज उतरली. बाटली परत फडताळात गेली, पुढच्या खेपेसाठी.

धाकटी एकदा भीतभीत म्हणाली होती की औषध पाच दिवस द्यायचं असतं, मध्येच सोडायचं नसतं, डॉक्टर सांगतात. त्यावर अक्का म्हणाली, "डॉक्टरला गाय कळते. मला ही गाय कळते." धाकटी शेणाची पाटी उचलून निघून गेली. मलाही क्षणभर अभिमानच वाटला. बायकांना आणि गायींना कोणी ओळखतं म्हटलं की आपण विरघळतो.

पुढची खेप आली, त्याच्या पुढचीही आली. दर वेळी एक सुई, फार तर दोन. चौथ्या खेपेला मात्र कास दगडासारखी झाली. अक्कानं एका बाटलीतलं टोचलं, मग दुसरीतलं टोचलं. सूज ढिम्म हलेना. धारेला हात लावला की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. मी लाथ मारली, चरवी दारापर्यंत गेली. अक्का ओरडली नाही, तेव्हाच मी घाबरले. तिसऱ्या दिवशी मी पेंडीलाही तोंड लावलं नाही. अक्का माझ्या पाठीवर हात ठेवून नुसती बसून राहिली. धाकटीनं कोणाला न विचारता चपला घातल्या आणि जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना घेऊन आली.

डॉक्टरीणबाईंनी चारही सडांचं दूध चार चिमुकल्या बाटल्यांत घेतलं, प्रयोगशाळेत पाठवलं, तोवर सूज-वेदनेवरचं औषध दिलं, आणि दोन दिवसांनी कागद घेऊन आल्या. जंतूंना अक्काची दोन्ही औषधं अंगवळणी पडली होती. अर्धा मार खाऊन जे वाचले ते निर्ढावले आणि त्यांचीच पिलावळ माझ्या कासेत नांदत होती. अशी पिलावळ माणसांपर्यंत पोचली तर माणसांनाही औषध लागू पडत नाही, असं त्यांनी सांगितलं. आता तिसरं औषध उरलं होतं. ते पाच दिवस न चुकता द्यायचं, आणि ते पाच दिवस अन् नंतरचे चार, माझं दूध कोणी प्यायचं नाही, विकायचं नाही, वासरालाही पाजायचं नाही, कारण औषध दुधातून उतरतं.

अक्कानं एवढंच विचारलं, "गाय वाचेल ना?"

"गाय वाचेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एक सड मात्र गेला म्हणून समजा."

अक्का आत गेली, सुई आणि सगळ्या बाटल्या आणून त्यांच्या पिशवीत ठेवल्या आणि पदरानं तोंड पुसत पुन्हा आत गेली.

हट्टी माणूस सुधारला तरी हट्टीच राहतो. पाच दिवस टोचायला डॉक्टरीणबाईच येत होत्या, पण अक्कानं भिंतीवर कोळशानं नऊ रेघा ओढल्या, रोज एक खोडायची. माझी धार काढायची आणि उकिरड्यामागच्या खड्ड्यात ओतायची. वासरासाठी शेजारून दूध यायचं, घरातल्यांनी मात्र कोरा चहा प्यायचा. गोठ्यात गाय असताना चहाला विकतचं दूध ही कल्पना तिला सोसत नव्हती. थोरले मालक कपात बघून उसासे टाकायचे. त्यांचा चेहरा आजारी होता माझ्यापेक्षा.

आठव्या दिवशी दारात सरकार आलं.

झालं होतं असं की औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंविरुद्ध सरकारला मोठी योजना आखायची होती, आणि ती लिहिण्याआधी प्रत्यक्ष गोठे बघावेत असं वर कोणाच्या तरी मनात आलं. डॉक्टरीणबाईंनी आमचा पत्ता दिला आणि त्या स्वतःही सोबत आल्या. एका गाडीतून तीन खाती उतरली: माणसांच्या आरोग्याचे साहेब, जनावरांच्या खात्याचे साहेब आणि पाण्या-मातीच्या खात्याच्या बाई. तिघांच्या फायली तीन रंगांच्या.

अक्कानं खड्डा दाखवला. तिथंच वाद सुरू झाला. जनावरांचे साहेब म्हणाले की दूध कासेत आहे तोवर ते आमचं. आरोग्याचे साहेब म्हणाले की चरवीत पडलं की ते अन्न, म्हणजे आमचं. बाई खड्ड्यात डोकावून म्हणाल्या की जमिनीत मुरलं की ते आमचं, आणि आमच्याकडे तर ते असं चालतच नाही, कारण औषध मातीत गेलं तर तिथले जंतू निर्ढावतात. मी एकीकडून दुसरीकडे मान फिरवत होते. माझ्या दुधाला एवढे वारस असतील असं कधी वाटलं नव्हतं.

अक्कानं शांतपणे विचारलं, "मग ओतू कुठं?"

तिन्ही फायली चाळून झाल्या. एकीतही खड्डा नव्हता.

तेवढ्यात धाकटी चहा घेऊन आली. कोरा. आरोग्याच्या साहेबांनी कप हातात घेऊन आजूबाजूला पाहिलं, मला पाहिलं, सकाळच्या धारेची भरलेली चरवी पाहिली आणि हसून म्हणाले, "एका कपानं काय होतंय."

थोरले मालक आशेनं पुढे सरकले.

"साहेब," अक्का म्हणाली, "मीही हेच म्हणायचे. एका सुईनं काय होतंय. या गाईचा एक सड गेला त्यात."

साहेबांनी कोरा चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. मग पाण्या-मातीच्या बाईंनी स्वतःची फाईल बाजूला ठेवली, एक कोरा कागद घेतला आणि वर लिहिलं: दूध टाकायचं कुठं, हे तिघांनी मिळून ठरवणे. तिघांनी खाली सह्या केल्या. डॉक्टरीणबाई मला नंतर चारा घालताना पुटपुटल्या की या तीन खात्यांच्या सह्या एका कागदावर त्यांनी पहिल्यांदाच पाहिल्या.

काही महिन्यांनी योजनेचं पुस्तक आलं. त्यात त्या खड्ड्याबद्दल एक अख्खं पान आहे. धाकटीनं ते गोठ्यात मोठ्यानं वाचलं, अक्कानं तीन ठिकाणी चुका काढल्या आणि उत्तर पाठवायला लावलं. पुस्तकात माझा फोटोही आहे, खाली लिहिलंय 'लाभार्थी'. सोबत एक तक्ता होता, त्यात लाभार्थीची सही किंवा अंगठा मागितलेला. धाकटीनं माझ्या खुराकडे बघितलं, चौकटीकडे बघितलं आणि नाद सोडला.

आता मी तीन सडांवर संसार करते. चौथा सुकला तो सुकलाच. अक्का गावभर फिरून लोकांच्या फडताळांतल्या सुया गोळा करते. लोक तिला बिनपगारी सरकार म्हणतात आणि ती आली की फडताळाला पाठ लावून उभे राहतात.

त्या तक्त्यात शेवटी सूचनांसाठी दोन ओळी होत्या, त्या कोऱ्याच गेल्या. मला विचारलं असतं तर मी एवढंच लिहायला सांगितलं असतं: टोचायचंच असेल तर जाणत्याला विचारून आणि पूर्ण दिवस टोचा, मी लाथ मारली तरी. आणि पुढचे दिवस दूध ओतून देताना माझ्याकडे बघून उसासे टाकू नका. तुमचा फक्त चहा कोरा होतो. मला वासराकडे बघावं लागतं.